आबांनी दिलेली सुटीची घंटा

मी दौंड जंक्शनच्या रुळाचा हातभर तुकडा बोलतोय. बोलतोय म्हणजे, आपणहून बोलायचा माझा स्वभाव नाही. टोला बसल्याशिवाय मला तोंड फुटत नाही, हे सगळ्या थडीच्या वाडीला ठाऊक आहे. पण बरेच महिने झाले, मला कुणी टोलाच दिलेला नाही. पोटात नुसतं साठत चाललंय. म्हणून म्हटलं, आज बिनटोल्याचंच बोलून घ्यावं. काचेच्या पेटीतून आवाज जरा दबका येईल, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते विचारू नका. आठवतं तेव्हापासून मी दौंडच्या यार्डात आडवा पडलेला होतो आणि अंगावरून मालगाड्या जात होत्या. कोळसा गेला, सिमेंट गेलं, साखरेची पोती गेली. नोकरी सरळ होती. आपण पडून राहायचं आणि दुसऱ्यांनी आपल्या अंगावरून पुढं जायचं. पुढं मी एका पुढाऱ्याच्या पदरी पडलो, तेव्हा हाच अनुभव कामाला आला.

एके दिवशी यार्डातले रूळ बदलले. मला कापलं आणि स्टेशनबाहेरच्या भंगारवाल्याच्या ढिगात टाकलं. तिथं मी गंजत पडलो असताना एक तरणा पोरगा सायकल हातात धरून आला. पांढरा पायजमा, कोपरावर ठिगळ लावलेला शर्ट, तारेनं जोडलेली चप्पल. त्यानं एक दगड उचलला आणि ढिगातल्या एकेका लोखंडावर मारून कान लावून ऐकायला लागला. माझ्यावर मारला तेव्हा त्याचा चेहरा फुलला.

"मास्तर, हे घेऊन काय करणार?" भंगारवाल्यानं विचारलं.

"शाळा भरवणार," तो म्हणाला.

हाच तो जयसिंग मास्तर. आज त्याच्या नावाआधी आणि नावानंतर इतकं काही लागलंय की मधलं नाव शोधावं लागतं. पण तेव्हा तो नुसता जयसिंग मास्तर होता, आणि मला विचाराल तर तेवढा पुरेसा होता.

दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. मास्तराची शाळा शिरूरच्या बाजूला, मांडवगण फराट्याच्या पुढं, थडीच्या वाडीत. तिथवर जायला पूल नव्हता. आजही नाही, पण त्यावर नंतर येतो. तेव्हा माणसं काहिलीतून नदी ओलांडायची. काहील म्हणजे गूळ करायची मोठ्ठी कढई. गुऱ्हाळ बंद झालं की तीच पाण्यात सोडायची, चार माणसं बसवायची आणि वल्हवायची. मास्तरानं मला मांडीवर घेतलं. काहील गरगरायला लागली तशी त्यानं मला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं, तान्ह्या लेकराला धरावं तसं. तसं मला नंतर कुणी धरलं नाही. त्यानंही नाही.

शाळा म्हणजे मारुतराव नावाच्या शेतकऱ्यानं दिलेल्या तुकड्यावर पत्र्याची शेड आणि पुढ्यात एक कडुलिंब. त्या लिंबाला मला साखळीनं टांगलं. घंटा द्यायला गाडीच्या आसाचा एक लोखंडी टोणा आणला. पहिली घंटा मास्तरानं स्वतः दिली.

आता घंटेचं जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. आमच्याकडं दोन घंटा. भरायची घंटा सावकाश. एक टोला द्यायचा, आवाज नदीपल्याड पोचू द्यायचा, मग दुसरा. म्हणजे पल्याडच्या पोरांनी भाकरी आवरावी आणि घाटाकडं निघावं. सुटीची घंटा म्हणजे टणटणटणटण, हात थांबवायचाच नाही. ती ऐकली की पल्याडची पोरं दप्तर उचलून थेट नदीकडं पळायची, कारण संध्याकाळची खेप एकच. आधी काहील होती, पुढं तिची होडी झाली, पण खेप एकच राहिली. चुकली तर मुक्काम अल्याड, आणि घरी गेल्यावर मार. त्यामुळं सुटीची घंटा झाली की पोरांचे पाय आधी पळायचे आणि डोकं मागनं विचारायचं, काय झालं म्हणून. थोरल्यांनी धाकट्यांना ही सवय दिली, त्यांनी आपल्या पोरांना. वाडीच्या शाळेत बाराखडीच्या आधी हेच शिकतात.

मास्तर शिकवायचा फार छान. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्ही म्हणाल लोखंड आकस धरून बसलंय. अपूर्णांक शिकवायला तो भाकरी मोडायचा आणि नंतर ती पोरांनाच खाऊ घालायचा. घंटा झाली आणि पल्याडची एखादी पोरगी आली नाही, तर स्वतः काहिलीत बसून तिच्या घरी जायचा. तिच्या बापापुढं उकिडवा बसायचा आणि पोरगी घेऊनच उठायचा. असा तो मास्तर होता. मी पाहिलेला आहे.

घोटाळा पंधरा ऑगस्टला झाला. त्या वर्षी पाहुणे आले नाहीत म्हणून मास्तरानंच भाषण केलं. भाषण बरं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या टोल्याचा आवाज थोड्या वेळानं विरतो, टाळीचा आवाज डोक्यात राहतो. दुसऱ्या दिवशी मास्तर घंटा द्यायला आला तेव्हाही त्याच्या कानात टाळ्याच चालल्या होत्या. भरायची घंटा देता देता तो मधेच थांबला आणि लिंबाकडं बघून म्हणाला, "बंधू-भगिनींनो." मला तेव्हाच शंका आली.

मग तो ग्रामपंचायतीत गेला. जयसिंग मास्तरचा जयसिंगराव झाला. घंटा द्यायला चांगदेव नावाचा शिपाई ठेवला. पंचायत समितीचा सभापती झाला, तेव्हा जयसिंगराव सर झाले. जिल्हा परिषदेत गेले, आबा झाले. आमदारकीला उभे राहिले, पडले, पुन्हा उभे राहिले, निवडून आले, आबासाहेब झाले. पुढच्या खेपेला परत पडले, पण नाव काही कुणी मागे घेतलं नाही. 'शिक्षणमहर्षी' ही पदवी त्यांना कुठल्या विद्यापीठानं दिली, असं पोरं विचारतात. ती यवतच्या फ्लेक्सवाल्यानं दिली. बोर्डावर डाव्या बाजूला जागा मोकळी राहत होती.

मधल्या काळात त्यांच्या गाडीवरचा झेंडा किती वेळा बदलला ते मी मोजलं नाही. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, मागच्या सीटवरचं भाषणही तेच. नुसतं पुढचं फडकं नवं. आणि दर निवडणुकीला नदीवर एक पूल बांधून व्हायचा. भाषणात. त्या पुलावरनं आबा पल्याड जायचे, मतं घ्यायचे आणि परत यायचे. पोरं होडीतनंच.

शाळा मात्र वाढल्या. डी.एड.ची लाट आली तेव्हा आबांनी डी.एड. कॉलेज काढलं, फार्मसीची आली तेव्हा फार्मसी. लाट ओसरली की त्या इमारतीत मंगल कार्यालय. मास्तरांची भरती व्हायची. उमेदवाराला शिकवता येतं का, हे कुणी विचारायचं नाही, पण सभेच्या दिवशी सतरंज्या उचलताना सगळं कळायचं. निवडणुकीत आमच्या शाळेचे गणिताचे सर घरोघर मतदारांच्या चिठ्ठ्या वाटायचे आणि वर्गात फळ्यावर आदल्या आठवड्याचीच बेरीज असायची.

आबा वाडीला वर्षातनं एकदा यायचे, आपल्या वाढदिवसाला. वह्या वाटायचे. वहीवर मुखपृष्ठावर आबा, मलपृष्ठावर आबा, आणि आत कोरी पानं. माझ्याकडं बघून पाहुण्यांना सांगायचे, "ह्या घंटेनं मला घडवलं." मी मनात म्हणायचो, माझ्यावर कशाला ढकलता.

चांगदेव निवृत्त झाला. नवा शिपाई मिळेना. मग घंटा देणं सविता बाईंनी आपल्याकडं घेतलं. सविता बाई म्हणजे आमच्या शाळेच्या हेडबाई. सातवीपर्यंतची शाळा, बाई आणि त्यांच्या हाताखाली दोन शिक्षक, पोरं एवढीच की सगळ्यांची नावं बाईंना पाठ. त्यातली निम्मी पल्याडची. पुण्याकडं कामाला गेलेल्यांच्या पोरांमुळं पट आधीच उतरला होता, आणि पट उतरलेल्या शाळा सरकार बंद करतं, हा धसका बाईंनी घेतला होता.

सातवीतली करिश्मा पल्याडची. तिची आजी शेवंताबाई एकदा तिला पोचवायला आली होती. लिंबाखाली टेकली आणि बाईंना म्हणाली, "ही शाळा हाय तवर शिकंल बघा आमची पोर. होडीत गोकुळ असतो, घरचा मानूस. उद्या हितली शाळा मोडली आन् म्हनला हायवेला पाठवा, तर आमच्या घरची मान्सं न्हाई धाडायची. मी सांगून न्हाई ऐकायची."

"शाळा मोडत नाही आजी," बाई म्हणाल्या. "मी आहे ना."

बाईंचा आवाज ठाम होता. पण त्या दिवशी भरायची घंटा देताना त्यांचा हात हलका पडला. माझ्याशी कुणाला खोटं बोलता येत नाही.

एवढ्यात आबांच्या धाकट्या चिरंजीवांनी, सत्यजीतनं, शिक्रापूरला हायवेला लागून 'जयसिंगराव ज्ञानसंकुल' उभं केलं. काचेची इमारत, समोर कारंजं. हिशेब असा होता की शिक्रापुरात कंपन्यांचे कामगार खोल्या घेऊन राहतात, त्यांची पोरं झक मारत येतील. कामगारांनी कारंजं बघितलं, फी ऐकली आणि पोरं दुसरीकडं घातली. संकुलात बाकं नवी होती आणि ती नवीच राहिली.

आबांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आला. आदल्या दिवशी आबा आणि सत्यजीत वाडीला आले. सत्यजीत माझ्याभोवती मोबाईल धरून फिरला.

"बाई, ही बेल आपली लेगसी आहे," तो सविता बाईंना म्हणाला. "संकुलाच्या रिसेप्शनला लावतो. पॅरेंट्स येतात ना, त्यांना इमोशनल कनेक्ट होतो."

"मग आम्ही घंटा कशी द्यायची?" बाईंनी विचारलं.

"मोबाईलवर ॲप आहे."

"मोबाईल नदीपल्याड ऐकू जातो का, साहेब?"

सत्यजीत 'बघू' म्हणाला. आबा मऊ आवाजात म्हणाले, "बाई, उद्या कार्यक्रमाला सगळ्या पोरांना पाठवा. सकाळी बस येईल. जिलेबी हाय. तुम्ही हितंच थांबा, शाळा उघडी ठेवायला कुणी पायजे ना." बाईंना यात वावगं काही दिसलं नाही. संस्थेच्या अध्यक्षाचा वाढदिवस, पोरांना जिलेबी. त्या हो म्हणाल्या. त्यांना काय माहीत.

मला माहीत झालं, कारण मला गाडीच्या डिकीत टाकलं होतं आणि डिकीला कान असतात हे बापलेकांच्या ध्यानात नव्हतं.

"आबा, पटपडताळणीचं पथक उद्याच आहे," सत्यजीत म्हणाला. "सकाळी आपल्या संकुलात, दुपारी वाडीला. आतल्या माणसाचा फोन होता."

"ठाव हाय मला. म्हनून तर पोरं आणतोय. त्यांना टाय-बूट घाल आन् वर्गात बसव. संकुलाचा पट भरला."

"आणि दुपारी पथक वाडीला गेलं तर? तिथं कुणीच नसणार."

"तेच तर पायजे," आबा म्हणाले. "शाळा रिकामी दिसली की बंद व्हती. बंद झाली की तिच्या अनुदानाच्या तुकड्या आपण संकुलात मागून घेऊ. पोरास्नी संध्याकाळपातूर संकुलातच नाचव."

गाडी थोडी पुढं गेली. मग सत्यजीतनं विचारलं, "पल्याडच्या पोरींचं काय होईल आबा? त्या शिक्रापूरला नाही यायच्या."

आबा खिडकीतनं बाहेर बघत असावेत. म्हणाले, "पोरांचं काय, पोरं कुठंबी शिकत्यातच."

हाच माणूस एके काळी एका पोरीसाठी काहिलीत बसून नदी ओलांडायचा. डिकीत मला फार वाईट वाटलं. मी खड्ड्याखड्ड्याला आपटून आवाज केला. आबा ड्रायव्हरला म्हणाले, "त्याच्याखाली पोतं टाक रं, कटकट करतंय."

दुसऱ्या दिवशी संकुलात मांडव, सनई, झेंडूच्या माळा. पोर्चमध्ये चकचकीत स्टीलच्या स्टँडवर मला टांगलं, झेंडूत असं गुंडाळलं की मी रूळ आहे की नवरदेव, कळेना. वाडीची पोरं बसमधनं उतरली. त्यांना उसने बूट दिले, इलॅस्टिकचे टाय अडकवले. करिश्मानं टाय ओढून पाहिला आणि सोडला, तो गळ्यावर बसला तशी ती खुदकन हसली. सगळ्यांना सांगितलं की पाहुणे आले की शाळेचं नाव 'ज्ञानसंकुल' सांगायचं, म्हणजे जिलेबी. मग वर्गात नेऊन बसवलं.

पथक आलं. पुढं माया मॅडम, विस्तार अधिकारी. साधी बाई, पर्स काखेत, चेहऱ्यावर झोप अपुरी झाल्याचा भाव. त्या एकेका वर्गात जाऊन डोकी मोजत होत्या आणि सत्यजीतचा चेहरा प्रत्येक वर्गानंतर उजळत होता. अर्ध्याहून जास्त मोजणी बिनबोभाट झाली. ती तशीच पार पडली असती. सविता बाईंची शाळा त्या दुपारीच मेली असती आणि मी इथं झेंडूच्या माळांत टांगलेला बघत राहिलो असतो.

पण आबांना माईक दिसला.

"मॅडम, आलाच हाय तर दोन मिन्टं," आबा म्हणाले. माया मॅडमना पोर्चमध्ये आणलं. कार्यकर्ते जमले, मोबाईल वर झाले, आबांनी भाषण धरलं. ह्याच हातांनी मी ही घंटा दौंडवरनं आणली, ह्याच हातांनी पहिली घंटा दिली, गोरगरिबांच्या लेकरांना हाक मारली. सगळं खरं होतं, म्हणूनच ऐकवत नव्हतं. शेवटी म्हणाले, "आज पुन्हा ह्याच हातांनी मी शाळा भरवतो." आणि टोणा हातात घेतला.

पहिला टोला बसला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हात तोच होता. आवाज काचेच्या इमारतीत घुमत वरपर्यंत गेला. आता थांबतील, मला वाटलं, आवाज पोचू देतील, मग दुसरा देतील.

"आबा, हात वर राहू द्या," फोटोग्राफर म्हणाला. "अजून एक."

आबांनी अजून एक दिला.

"इकडं बघा आबा. पेपरला द्यायचाय, अजून एक."

"आबा, ह्या साईडनं."

"आबा, व्हिडिओ चालू आहे, थांबू नका."

आबा फोटोला कधी नाही म्हणाले नाहीत. ते मारत सुटले. टणटणटणटण, हसऱ्या तोंडानं, एकदा डाव्या कॅमेऱ्याकडं बघत, एकदा उजव्या. भरायची घंटा कशी देतात ते त्या हाताला आठवतच नव्हतं. आणि मी काय करणार, मला जसा टोला मिळतो तसा मी बोलतो. मी सुटीची घंटा झालो.

वरच्या मजल्यावर बाकं सरकल्याचा आवाज आला. मग जिन्यावर बूट. उसने बूट मोठे होते, त्यांचा धडधडाट मोठा. सगळी वाडीची शाळा जिन्यावरनं लोटली, दप्तरं पाठीवर, टाय खांद्यावर उडालेले. गेटवरचा बिहारकडचा वॉचमन घंटा ऐकून उठला, "छुट्टी हो गया क्या?" असं स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं गेट सताड उघडलं. पोरं माया मॅडमच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेली. सगळ्यात पुढं करिश्मा. मॅडमनी तिचा दंड धरला.

"अगं, कुठं पळताय?"

"सुटी झाली ना, मॅडम. होडी चुकंल."

"कसली होडी?"

"गोकुळमामाची. एकच खेप असती." एवढं बोलून तिनं समोर बघितलं. समोर हायवे होता, ट्रकमागं ट्रक चालले होते. नदी कुठंच नव्हती. पोरगी गोंधळली. तिच्यामागं सगळी पोरं गेटात थबकली.

"कुठली शाळा तुझी?" मॅडमनी विचारलं.

करिश्मानं आबांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, माझ्याकडं बघूनच तिला खोटं सांगवेना. "थडीच्या वाडीची," ती म्हणाली. "आमाला आज जिलेबीसाठी आनलंय."

व्हिडिओ चालूच होता. आबांचा हात अजून वर होता आणि हातात टोणा.

"पोरं हायेत मॅडम," आबा हसून म्हणाले. "खेळकर हायेत. आपल्याच संस्थेची हायेत शेवटी."

"हो का," माया मॅडम म्हणाल्या. "मग एक करा. बस उभीच आहे, ह्यांना ह्यांच्या शाळेत सोडा. मी मागनंच येते. ह्यांची मोजणी मी तिथं करीन. आणि इथली जी काही उरतील, ती येताना परत मोजीन."

एक धाकटं पोरगं गेटातनं म्हणालं, "आन् जिलेबी?" मॅडमच म्हणाल्या, "जिलेबी द्या त्यांना." वर्तमानपत्रात बांधून दिली.

पुढचं मी बसच्या ड्रायव्हरकडनं ऐकलं. वाडीत सविता बाई रिकाम्या साखळीखाली उभ्या होत्या. दुपारी पथक येणार हे त्यांना तासाभरापूर्वी फोनवर कळलं होतं. शाळेत एक पोर नाही. बाईंनी आबांना फोन लावले, सत्यजीतला लावले, कुणी उचलले नाहीत. मग त्यांनी सातही वर्गांची दारं उघडून ठेवली आणि वाट बघत बसल्या. बस दिसली तशा त्या पुढं धावल्या. पोरं आपापल्या वर्गात जाऊन बसली, तोंडाला पाक लागलेला. माया मॅडमनी मोजली. भरली. शाळा राहिली.

तुम्हाला वाटेल, आता आबांचं काही खरं नाही. चौकशी लागली खरी. ती चालू आहे. तिचं घोडं कुठं पेंड खातंय ते चौकशी करणाऱ्यांनाच ठाऊक. आणि पंधरा दिवसांत थडीच्या वाडीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला: 'गावची शाळा वाचवल्याबद्दल शिक्षणमहर्षी आबासाहेबांचे जाहीर आभार.' खाली सत्यजीतचा हात जोडलेला फोटो. आबा वाडीला आले, सत्कार घेतला आणि म्हणाले, "जवर ह्या जयसिंगच्या जिवात जीव हाय, तवर ही शाळा बंद पडू देणार न्हाई." टाळ्या पडल्या. आभार सविता बाईंनीच मानायचे होते. त्यांनी मानले. नोकरी आहे त्यांची.

मला मात्र परत नेलं नाही. संकुलाच्या पोर्चमध्येच काचेच्या पेटीत ठेवलंय. खाली पितळी पाटी आहे, वर दिवा आहे. टोणा आबांनी आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि किल्ली खिशात. सव्वीस जानेवारीला पेटी उघडतात. आबा मला हार घालतात, कुंकू लावतात, हात जोडतात. टोला देत नाहीत. एखादा पाहुणा म्हणतो, "आबा, वाजवा की एकदा." आबा म्हणतात, "ऐतिहासिक वस्तू हाय, इजा व्हईल." इतक्या निवडणुका लढलेला माणूस एका लोखंडाच्या तुकड्याला भितो.

मागच्या महिन्यात सविता बाई आल्या होत्या. मला मागायला. आबा पोर्चमध्येच भेटले.

"बाई, ती घंटा आता संस्थेचा मानबिंदू हाय," आबा म्हणाले. "कशी देऊ?"

"बरं, राहू द्या," बाई म्हणाल्या. "गोकुळनं ट्रकच्या चाकाची जुनी डिस्क आणून दिलीय. ती टांगलीय लिंबाला."

खरं सांगतो, मला झोंबलं. माझ्या साखळीला डिस्क. मग वाटलं, टांगली ते बरं झालं.

आबा जायला वळले होते, ते थांबले. "पल्याड जातो का आवाज?" त्यांनी विचारलं. एवढं विचारताना ते क्षणभर जयसिंग मास्तर होते, शपथेवर सांगतो.

"जरा बसका आहे," बाई म्हणाल्या. "पण जातो. करिश्मा आता आठवीला मांडवगणला जाते. तीसुद्धा तीच घंटा ऐकून घरनं निघते."

आबा काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात फोन वाजला. तिकडं कुठंतरी भूमिपूजन होतं. पुलाचं.

ते गेले. बाई काचेजवळ आल्या, पदरानं काचेवरची धूळ पुसली आणि बसला उशीर होतोय म्हणून निघून गेल्या.

तर असं आहे. शिक्रापूरवरनं कधी गेलात, तर ट्रकच्या गर्दीत उजव्या हाताला कारंज्याची इमारत दिसेल. आत या. काच फोडू नका, वॉचमन गरीब आहे. हार तर मुळीच आणू नका. माझ्यासमोर उभे राहा आणि बोटानं काचेवर एक टिचकी मारा. थांबा. मग दुसरी मारा. पल्याड कुणीतरी भाकरी आवरून निघालंय, एवढं मला वाटू द्या.